कॉफीचा गाळ

दुसऱ्याची ओकारी पुसताना ज्याला किळस येत नाही, तो माणूस एक तर आई असतो नाहीतर खोटारडा. मावशी आई होती, पण फक्त स्वतःच्या लेकीची. बाकी जगाच्या ओकाऱ्यांची तिला अकरा वर्षांनंतरही पहिल्या दिवसाइतकीच शिसारी यायची, आणि नेमकं तेच तिचं काम होतं.

पार्कात एक मोठी नाव होती. झोके घेत घेत ती शेवटी उपडी व्हायची आणि आत बसलेल्यांना डोकं खाली, पाय वर असं टांगून ठेवायची. पाटीवर तिचं नाव वादळबिदळ काहीतरी होतं. कामगार तिला ओकणी म्हणत. ओकणीखालची फरशी, उतरायचा जिना आणि समोरची सहा बाकं एवढं मावशीचं राज्य. माणसं पोटभर चरायची, तासभर रांगेत उभी राहायची, स्वतःला उलटं टांगून घ्यायची आणि खाली येऊन मावशीच्या राज्यात सगळं ओतायची. सकाळचं, दुपारचं, कधीकधी आदल्या दिवशीचंसुद्धा. शी! बरं, ओतल्यावर हसायची, आणि त्याचे फोटो काढायची.

यावर मावशीकडे एकच उपाय होता, डोकेदुखीचा बाम. कामाची पाळी सुरू झाली की दोन्ही नाकपुड्यांतून बोट फिरवायचं, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. मग दिवसभर बामाशिवाय कसला म्हणून वास नाही. डोळे निर्ढावतात, नाक नाही निर्ढावत, असं ती म्हणायची.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं पार्क होतं. तिथेही अशीच नाव, असेच पाळणे, अशीच गिऱ्हाइकं. पण गिऱ्हाईक म्हणायचं नाही, 'पाहुणे' म्हणायचं, हा दोन्हीकडचा नियम. पाळण्यांत उन्नीस-बीस फरक नाही म्हटल्यावर मालक लोकांनी भांडण आणलं पाहुणचारावर. समोरच्यांनी फाटकावर पाटी लावली: आमच्याकडे काहीही सांडलं तरी नव्वद सेकंदांत स्वच्छ. झालं! एकाने गाय मारली की दुसरा वासरू मारायला टपलेलाच. इकडे पंचाहत्तरची पाटी लागली. मग तिकडे साठची. या पाट्या लावणाऱ्यांनी जन्मात कधी फडकं पिळलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

पाट्यांवर भागेना तेव्हा खोटे पाहुणे सुरू झाले. दोन्ही पार्कं एकमेकांकडे माणसं धाडत. ती तिकीट काढून आत यायची, पिशवीतून आणलेलं ओतून ओकल्याचं सोंग करायची, आणि सफाईवाली किती सेकंदांत येते, काय बोलते, हसते का, हे दुसरा कुणीतरी लांबून मोबाइलमध्ये टिपायचा. एखादी चुकली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या फोनवर तिचं तोंड. खोट्या ओकारीची कृतीही ठरलेली होती: भिजवलेले ओट्स, थोडं साबणपाणी आणि रंगाला कॉफीचा गाळ. घरी कुणीतरी बसून हे कालवत असेल, डब्यात भरून झाकण लावत असेल, याची मावशीला खऱ्या ओकारीहून जास्त घाण वाटायची.

महिन्यापूर्वी ती अशाच एकीला फसली होती. बाई बाकावर वाकून ओकली, तर मावशीने आधी तिची पाठ चोळली, पाणी दिलं, चक्कर येते का, डॉक्टरांना बोलावू का, म्हणून विचारलं आणि मग फरशीला हात घातला. एकशे चार सेकंद! समोरच्यांनी ते घड्याळासकट दाखवलं. मावशीचा मुकादम गळ्यात स्टॉपवॉच घालून फिरायचा, म्हणून सगळे त्याला सेकंदे म्हणत. खरं आडनाव कुणाला आठवतही नव्हतं. त्याने तिला ऑफिसात उभं करून नियमावली वाचून दाखवली. पाहुण्याला शरमिंदं वाटेल असं काही विचारायचं नाही. आजार, डॉक्टर, दवाखाना हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, त्याने दिवसाची मजा जाते. हसायचं, ठरलेलं वाक्य म्हणायचं, पुसायचं, निघायचं. आणखी एक चूक झाली की नोकरी गेली, असं लिहून त्याने तिचा अंगठा नव्हे, चांगली सही घेतली.

नोकरी गेली म्हणजे खोली गेली. पार्कच्या धुलाईघरामागे कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत मावशी आणि तिची लेक राहत. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा तीन आठवड्यांवर. एवढे तीन आठवडे डोक्यावर छप्पर राहू दे, मग मला खुशाल हाकला, असं मावशी मनातल्या मनात सेकंदेला रोज सांगायची. लेक सकाळी चहा घेता घेता मोठ्याने घोकायची. एकदा तिने घोकलं होतं की कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली तर समजावं, पोटात रक्त वाहतंय. मावशी म्हणाली, "बाई गं, खाताना तरी नको. आणि तुझ्या पुस्तकाला सांग, कॉफीच्या गाळासारखी ओकारी म्हणजे समोरच्या पार्कचा माणूस." दोघी तेव्हा खूप हसल्या होत्या.

त्या दिवशी मावशी जेवून आली, नाकात ताजा बाम फिरवला, आणि तिसऱ्या बाकाकडून कुणीतरी ओरडलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाकावर एक म्हातारबाबा घरच्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत बसले होते, शेजारी त्यांची म्हातारी. पोरंबाळं नावेच्या रांगेत. बाबा गुडघ्यांत वाकले होते आणि त्यांच्या पायांपुढे ते पसरलं होतं. तपकिरी-काळं, दाणेदार.

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नावेत बसला नाही आणि ओकला? आणि वर कॉफी? तिने मान न वळवता बघितलं, तर जिन्याशी एक तरुण मोबाइल वर धरून उभा. तो बिचारा नावेचा फोटो काढत होता, पण मावशीला त्या क्षणी ते कोण सांगणार? तिचा संताप संताप झाला. लाजच सोडली मेल्यांनी, आता म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कामाला लावतात!

मग मात्र ती अशी चालली की ज्याचं नाव ते. पिवळा त्रिकोण उभा केला, ओल शोषणारी भुकटी टाकली, सुपलीने ओढलं, एक सुपली, दोन सुपल्या, बादलीत. ओला पोछा, कोरडा पोछा. म्हातारी काहीतरी सांगू लागली, यांना सकाळपासून म्हणून, गुडघ्यासाठी रोजच्या गोळ्या म्हणून. मावशीने तिला पुरतं बोलू दिलं नाही. बत्तीशी दाखवून ठरलेलं वाक्य म्हटलं, "काही नाही हो, होतं असं कुणालाही. दिवस छान जाऊ दे." म्हातारबाबांनी मान वर केली. चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांनी हात जोडल्यासारखे केले.

"माफ करा हं बाई," ते म्हणाले. "तुम्हाला घाण काढावी लागली."

किती पोचलेला नट आहे, असं मावशीला वाटलं.

सेकंदे तिकिटाच्या खिडकीशी उभा राहून सगळं बघत होता. त्याने स्टॉपवॉच उंच करून दाखवलं. अठ्ठेचाळीस. समोरच्यांच्या बापालाही जमलं नव्हतं. उद्या फाटकावर तुमचा फोटो, म्हणाला. मावशीने तक्त्यात नोंद केली: वेळ, बाक, दोन सुपल्या, अठ्ठेचाळीस. तीन आठवड्यांचं छप्पर पक्कं झालं होतं. बादली हलवत ती मागच्या गटाराकडे निघाली तेव्हा चक्क गुणगुणत होती.

गटाराशी तिने बादली उपडी केली, पाणी मारलं, सगळं वाहून गेलं. घाईत थोडा बाम डोळ्याला लागला होता, तो चुरचुरत होता, म्हणून तिने नळाखाली तोंड धरलं आणि साबणाने नाक-डोळे खसाखसा धुतले. मग सुपली धुवायला वाकली.

आणि तिला वास आला.

कॉफीचा नव्हे, ओट्सचा नव्हे. गंजलेल्या लोखंडाचा, आणि त्याखाली काहीतरी सडल्यासारखं गोडसर. सुपलीच्या पांढऱ्या कडेला चिकटलेलं काळं पाण्याने ओघळलं आणि लाल झालं.

अकरा वर्षांत मावशी कामावर कधी ओकली नव्हती, त्या दिवशी ओकली. पण ती किळस त्या रक्ताची नव्हती. आपण दात विचकून हसलो, ते तोंड अजून आपल्याच चेहऱ्यावर आहे, याची होती. माणूस मरायला टेकलाय आणि आपण त्याला सांगितलं, दिवस छान जाऊ दे. शी, शी! तिने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड असं पुसलं, जणू वाक्यच पुसून निघणार होतं.

ती धावली. पाहुण्यांसमोर धावायचं नाही हाही नियमच, गेला खड्ड्यात. तिसरं बाक रिकामं. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, हो, एक जोडपं आत्ताच बाहेर पडलं, पोरं येईपर्यंत आजोबांना सावलीत टेकायचं होतं. मग त्याने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. समोरच्यांनी फाटकातच मांडव घालून ठेवला होता: शेजारच्या पार्कचं तिकीट दाखवा, फुकट बसा, गार पाणी प्या. आपली गिऱ्हाइकं पळवायला लावलेला गूळच तो.

गणवेशात रस्ता ओलांडणं म्हणजे नोकरीवरून सरळ घरी. मागून सेकंदे ओरडला, मावशी, कुठे, वेड लागलं का! मावशीला धुलाईघरामागची खोली आठवली, खिडकीत उघडं पडलेलं लेकीचं पुस्तक आठवलं. पाय क्षणभर अडखळले. त्याच पुस्तकातली ओळ होती ती, चहाबरोबर ऐकलेली, आणि आपण तिची थट्टा केली होती. मावशीने रस्ता ओलांडला.

मांडवात म्हातारबाबा खुर्चीवरून घसरून खाली बसले होते. पुढ्यात दुसरं थारोळं, पहिल्याहून मोठं. आणि त्यावर निळ्या गणवेशातली एक तरणी सफाईवाली वाकली होती. हातात भुकटीचा डबा, चेहऱ्यावर तेच हसू, तीच बत्तीशी. म्हातारीला ती सांगत होती, असं सगळ्यांनाच होतं आजी, मजा करा. हरे राम! आपलंच तोंड आरशात बघावं तसं मावशीला झालं.

मावशीचा पिवळा गणवेश बघताच निळीचं हसू मावळलं.

"आलात का आपली कॉफी बघायला?" ती म्हणाली. "किती चमचे घातलीत या वेळी?"

"मीही तेच समजले गं," मावशी म्हणाली. "म्हणूनच पुसली. तू नको पुसू. आधी वास घे."

निळी थबकली. तिच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे होते, लवंगेच्या तेलात बुडवलेले. ज्याचा त्याचा बाम. तिने मावशीकडे बघितलं, बाबांच्या निळसर ओठांकडे बघितलं, आणि एक बोळा ओढून काढला. मग दुसरा काढायची गरजच पडली नाही. भुकटीचा डबा तिच्या हातातून सुटला.

त्यानंतर दोघी मिळून जे ओरडल्या त्यात डॉक्टर होता, दवाखाना होता, रक्त होतं, नियमावलीतले सगळे शब्द होते. पाहुण्यांचा दिवस खराब झाला. आया पोरांचे डोळे झाकून लांब झाल्या, कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी मोबाइल वर केले. कुणीतरी एकाने मात्र रुग्णवाहिकेला फोन केला. निळीचा मुकादम स्टॉपवॉच घेऊन धावत आला. त्याला वाटलं, पलीकडच्यांचाच डाव. मिनिट उलटून गेलं, आधी पुसून घ्या, मग काय ते बोला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. निळी त्या थारोळ्याच्या एका बाजूला फतकल मारून बसली, मावशी दुसऱ्या बाजूला. मावशीने म्हाताऱ्याचं डोकं आपल्या मांडीवर कुशीला वळवून घेतलं.

"डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," निळी आपल्या मुकादमाला म्हणाली. ती जागची उठली नाही.

त्या दोघी त्या घाणीची राखण करत बसल्या. माश्या आल्या, त्या हाकलल्या. वास भयंकर होता, निळीने दुसरा बोळाही काढून टाकला होता आणि दोघींची नाकं उघडी होती.

रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं लागली. तिच्यातून उतरलेली डॉक्टरीण मावशीच्या लेकीहून फार मोठी नसेल. तिने बाबांची नाडी बघितली, थारोळं बघितलं, सुई टोचून बाटली लावली, स्ट्रेचर मागवलं. नाडी लागतेय, पण रक्त बरंच गेलंय, म्हणाली. मग वही काढून विचारलं, ही पहिलीच का? म्हातारीला रडण्यातून शब्द फुटेना, तिने नुसतं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

"दोन वाजून दहा मिनिटांनी एक झाली," मावशी म्हणाली. "दोन सुपल्या भरून. काळी, दाणेदार. वास लोखंडासारखा."

डॉक्टरीण चमकली. इतकं नेमकं सांगणारं कुणी तिला भेटलं नसावं. सुपली केवढी, तिने विचारलं. मावशीने हातांनी माप दाखवलं. डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, तेव्हाच कळायला हवं होतं, अर्धा-पाऊण तास फुकट गेला. मग तिने विचारलं, "ती कुठे आहे? मला बघू द्या."

निळीने मान खाली घातली. रस्त्यापलीकडून सेकंदे अजून हाका मारत होता.

"पुसली," मावशी म्हणाली. "अठ्ठेचाळीस सेकंदांत."

डॉक्टरिणीने 'दोन सुपल्या' एवढंच लिहून घेतलं आणि ती गाडीत चढली. सेकंदांचा रकाना तिच्या कागदावर नव्हता.