वीस टक्क्यांत सातच डोकी

शीतगृहाच्या नळांतून फिरणारं पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल घालतात. ते मापून घालायचं काम आत्याचं. तीस वर्षांत तिच्या मापात कुणाला खोट सापडली नव्हती. या खेपेला मिश्रणाचा कागद मात्र तिच्या भाचीने लिहिला होता. भाची इथली नवी रसायनतज्ज्ञ, अजून कायम व्हायची होती. नळ गोठून फुटले तर तिची नोकरी गेलीच. आणि चार वाजता साहेब पंप सुरू करायला येणार होते.

कागदावर आत्याने वाचलं, वीस टक्के. आत्याने सकाळीच ऐंशी किलो पाण्यात वीस किलो ग्लायकॉल ओतलं, ढवळलं आणि सवयीने एक बाटली भरून फ्रीजरमध्ये ठेवली. दोन तासांनी बाटली उलटी केली, तर थेंब पडेना. आत नुसता बर्फाचा लगदा.

"अहो पंडितबाई, तुमचं पाणी थिजलं की!"

भाची धावत आली. बाटली बघून तिचा चेहरा उतरला. "किती घातलंस, आत्या?"

"वीस म्हणजे वीस. गुंजभर इकडेतिकडे नाही."

"अगं, वीस मोल टक्के लिहिलंय ना!"

आत्याने कागद पुन्हा बघितला. अक्षरं ती पन्नाशीत शिकली. अनोळखी शब्द दिसला की वळसा घालून पुढे जायची. "तो शब्द मी सोडून दिला," ती म्हणाली. "म्हटलं, कंपनीचं नाव असेल."

भाचीला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. "चूक माझीच. काट्यावर काम करणाऱ्याला किलोत लिहून द्यायला हवं होतं."

"रडायचं ते नंतर रड. आधी सांग, मोल म्हणजे काय?"

"कणांची मोजणी. वजन नाही बघायचं, डोकी मोजायची. कणांचा एक ठरलेला ढीग असतो. पाण्याचा ढीग अठरा ग्रॅम भरतो, ग्लायकॉलचा तेवढ्याच कणांचा ढीग बासष्ट. शंभर ढिगांत वीस ग्लायकॉलचे हवेत."

"म्हणजे हा गडी अंगाने जाडजूड!" आत्याचे डोळे चमकले. "वीस किलोत डोकी कितीशी मावणार?"

"शंभरात जेमतेम सात."

आत्या खडू घेऊन फरशीवरच बसली. "पाण्याचे ऐंशी ढीग, याचे वीस. चाराला एक. अठरा चोक बहात्तर. बहात्तर किलो पाण्याला हा बासष्ट किलो. आपलं पाणी ऐंशी किलो..." बराच वेळ तिचे ओठ हलत राहिले. "एकोणसत्तर! वीस घातलंय, अजून एकोणपन्नास घाल."

भाचीने वहीत पडताळून पाहिलं. तेवढंच आलं.

साडेतीनला नवी बाटली फ्रीजरमधून काढली. आतलं पाणी खळखळत होतं.

साहेबांनी कागद वाचला. भाचीने त्यावर खाली सगळं खरं लिहिलं होतं. "पहिला कागद चुकला होता?"

"अपुरा होता. आता शेजारी किलोही लिहिलेत."

साहेबांनी बाटली हलवून बघितली, मग सही केली. "यापुढे सगळे कागद असेच लिहा."

'यापुढे' ऐकताच भाचीने आत्याचा हात घट्ट दाबला. आत्याचं लक्ष भलतीकडेच होतं.

"मला एक सांग," ती म्हणाली, "एवढे बारीक कण मोजत बसलं होतं तरी कोण?"