ड्रुसिलाची मान डोलेपर्यंत

मी फळ्यावर वर्तुळं काढणारा लाकडी कंपास बोलतोय. अलाबामातल्या काळ्या मुलांच्या शाळेत, तिथल्याच सुतारकामाच्या वर्गात माझा जन्म झाला. त्या मंगळवारी गणिताच्या ग्रिम्सलीबाई मला फिरवत असताना हेडमास्तर दारात आले.

“कोर्टाचा निकाल लागला. आपली शाळा बंद. उन्हाळ्यानंतर मुलं गोऱ्यांच्या शाळेत.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “एवढं वर्तुळ पुरं होऊ द्या.”

नव्या शाळेत बाई मला काखोटीला मारूनच गेल्या.

तिथे मुलं गटागटाने गणितं सोडवत. ड्रुसिला आमच्या जुन्या शाळेतली, इस्त्रीवालीची मुलगी; प्रेस्टन गोऱ्या डॉक्टरांचा. तिने उत्तर सांगितलं तर कुणाचं लक्ष नसे, तेच प्रेस्टन बोलला की, “वा, काय डोकं!” बीजगणिताच्या वर्गात कोण जाणार, ते नाताळाआधी ठरायचं होतं, आणि बीजगणित नाही तर कॉलेज नाही. ड्रुसिलाचं नाव तळमजल्यावरच्या कच्च्या वर्गासाठी जवळजवळ पक्कं झालं होतं. “ती बोलतच नाही हो,” नवे हेडमास्तर म्हणायचे.

बाईंनी कुणाला उपदेश केला नाही. फक्त एक नियम केला. “कंपास ज्याच्या हाती, त्याने दुसऱ्याची रीत सांगायची. रीत ज्याची, त्याची मान डोलेपर्यंत खाली बसायचं नाही.”

ताटलीभोवती काढलेल्या वर्तुळाचा मध्य शोधायचा होता. प्रेस्टनच्या वाट्याला ड्रुसिलाची रीत आली. त्याने एक जीवा काढली, तिचा लंबदुभाजक काढला आणि नजरेनेच ठिपका दिला.

“नाही,” ड्रुसिला म्हणाली.

“अगं, साधारण इथेच!”

“साधारण? कलिंगड कापतोयस का?”

वर्ग खिदळला.

“मग तूच सांग ना, शहाणे!”

“सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास.”

प्रेस्टनचे कान लाल झाले. जरा वेळाने त्याने खरंच विचारलं, “दुसरी जीवा कशाला लागते?”

“पहिल्या दुभाजकावर मध्य कुठेही असू शकतो. दुसरा त्याला जिथे छेदेल, तिथेच तो सापडतो.”

त्याने दुसरी जीवा आणि तिचाही दुभाजक काढला; दोन्ही दुभाजक एका बिंदूत छेदले. त्या बिंदूत पाय रोवून मी फिरलो, रेघेवरून तसूभरही ढळलो नाही. ड्रुसिलाची मान डोलली. दुसऱ्या दिवशी गटात प्रेस्टनच म्हणाला, “थांबा रे, ड्रुसिला काय म्हणतेय?”

आता तिचं बोलणं सगळ्यांच्या कानी पडू लागलं, आणि नाताळाआधी ती बीजगणितासाठी निवडली गेली. मी पुष्कळ हातांत फिरलो, पण ग्रिम्सलीबाईंसारखा हात पुन्हा लाभला नाही.

आता माझा स्क्रू गंजलाय आणि बाईही राहिल्या नाहीत. ड्रुसिलाची निवड झाली त्याच दिवशी त्या नव्या हेडमास्तरांना म्हणाल्या होत्या, “तळमजल्यावरच्या कच्च्या वर्गातल्या सगळ्यांना पुन्हा तपासू या.” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.”

ती तपासणी कधीच झाली नाही.