माल-सुनच्या खोट्या दाढा

आमच्या गुन्सान बंदराच्या मागच्या चढावर पे माल-सुन एकटी राहायची. मासे सुकवण्यात आयुष्य गेलेली बाई, तोंडाने फटकळ. नवऱ्याने हौसेने तिच्या खालच्या डाव्या बाजूला तीन दाढा बसवून घेतल्या होत्या, हाडात स्क्रू रोवून. सफाईची वेळ आली की तोच तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात न्यायचा. तो गेला आणि तिचं जाणंही थांबलं. दाढाच खोट्या, त्यांना काय कीड लागणार, असं तिला वाटे.

पुढे दात घासताना रक्त यायला लागलं. हिरडी दाबली की पिवळसर पू यायचा. दुखत मात्र नव्हतं, म्हणून मिठाच्या पाण्याने चुळा भरून ती गप्प राहिली. मुलगा उल्सानहून फोन करायचा, जेवलीस का विचारायचा. जेवले, म्हणायची.

दुपारी ती वृद्धांच्या मंडळात पत्ते खेळायला जाई. त्या हिवाळ्यात बायका तिच्याशेजारी बसेनाशा झाल्या. ती बोलू लागली की कुणी चहा आणायला उठे, कुणी बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडे. आपण कुणाला काय लागेलसं बोललो, हे ती घरी येऊन आठवत बसायची. काही सापडेना, तेव्हा तिने जाणंच सोडलं. ओट्यापाशी उभ्याउभ्याच सूप प्यायची. कधीकधी संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना तिला कळे, की आज तोंडातून निघालेला हा पहिलाच शब्द.

एके दिवशी कू बुन-इम आली, तिची पत्त्यांतली जोडीदार. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, रागावू नका. तुमच्या तोंडाला वास येतो. कुजल्यासारखा."

माल-सुनने विचारलं, "कधीपासून?"

"कापणीच्या सणाआधीपासून."

"आणि तुम्ही नुसत्या खिडक्या उघडत बसलात."

"तुमच्या तोंडाला कोण लागणार, ताई?"

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती. फोटो दाखवून म्हणाली, मधल्या स्क्रूभोवतीचं हाड झिजून गेलंय, तो काढावाच लागेल. बाकीचे दोन साफ करून बघू. मग हिरडीत अवजार घालता घालता तिने सहज विचारलं, "आजी, घरात कुणाच्या लक्षात नाही का आलं?"

तोंड उघडं, उत्तर देता येईना. माल-सुनच्या डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलं. दुखतंय असं वाटून डॉक्टरीणबाईने बधिर करायचं आणखी एक इंजेक्शन दिलं. माल-सुनने घेतलं.

दोन दाढा वाचल्या. जखम भरल्यावर ती मंडळात गेली. बायकांनी सरकून जागा केली, झाल्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण बोलताना तिचा हात आता तोंडावर जायचा, आणि डाव संपला की ती बुन-इमकडे झुकून हळूच विचारायची, "येतोय का गं?"

"नाही हो. पत्ते वाटा."

घरी विचारायला कुणी नव्हतं. तिथे ती तळहातावर फुंकर मारून हुंगून बघायची. तिला काही कळायचं नाही.