माहिती कार्यालयाच्या दारातली फट

मी एक फट बोलतेय, माहिती कार्यालयातल्या साहेबांच्या दाराची. सुतारानं लाकूड ओलं वापरलं, ते वाळून वाकलं, आणि दाराचं चौकटीशी कधी जमलंच नाही. दोघांच्या मधे मी.

पेपरात 'विश्वसनीय सूत्रांकडून कळते' असं वाचता ना? ती सूत्रं म्हणजे मी. आहे एकटीच, पण मान बहुवचनाचा.

पत्रकार परिषद असली की दार सताड उघडं. चहा, बिस्किटं सगळं मिळतं, माहिती तेवढी नाही. खरं काही सांगायचं असलं की साहेब दार ओढून घेतात, बंद फोन कानाला लावतात आणि खणखणीत आवाजात बोलतात. बाहेर बाकावर बातमीदार आपली नखं न्याहाळत बसतो. दोघंही भारी सभ्य!

परवा संचालकबाई बाहेरून जाता जाता थबकल्या. "इथलं सगळं ऐकू जातंय!" लगेच सुतार आला आणि माझ्यावर पट्टी ठोकून गेला. माझी नवी सून झाली. सगळं ऐकायचं, बोलायचं काही नाही.

नेमकं काल टाकीमागच्या वस्तीचं पाणी तपासणीत खराब निघालं. समितीची बैठक होईपर्यंत जाहीर करायचं नाही, असं बाईंनी बजावलं. बातमीदाराचं घर त्याच वस्तीत, आणि घरात आठ महिन्यांची लेक. साहेबांना राहवेना. ते दार उघडून सरळ बाहेरच आले.

"टाकीमागचं पाणी खराब आहे. लोकांना उकळून प्यायला सांगा. छापा."

"तुमच्या नावानं?"

"माझ्या नावानं."

बातमीदार हसला. "मग त्यात काही दम नाही. खरं काय दडवताय? नव्या पाइपांचं कंत्राट कुणाला द्यायचंय?"

"अरे बाबा, तुझी पोरगी पिते ते पाणी!"

"कमाल आहे साहेब! आता माझ्या घरापर्यंत आलात?"

साहेब आत गेले. दार ओढून घेतलं, टेबलावरची कात्री घालून पट्टी उचकटली. बोट कापलं, ते तोंडात धरलं. मग फोन कानाला लावून गरजले, "टाकीमागच्या पाण्याचं बाहेर कळता कामा नये! तिथल्या लोकांना तर मुळीच नाही!"

ते ऐकताच बातमीदार घरी फोन लावत जिन्यात धावला. "अगं, पिल्लूला ते पाणी देऊ नकोस! ओतून टाक सगळं! कोण म्हणालं काय विचारतेस? एकदम आतली खबर आहे!"

आज पेपरात पहिल्या पानावर बातमी आहे. खाली बारीक अक्षरात छापलंय, 'माहिती अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही.' ते वाचून साहेब कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. वस्तीत मात्र घरोघरी पाणी उकळतंय.

माहिती फुटली कशी, याची चौकशी लागली आहे. सुतार उद्या येईल; या खेपेला दारच नवं बसवणार म्हणे. माझी काही तक्रार नाही. फक्त पुढे कधी कुणी साहेब दार उघडून तुमच्यासमोर आला आणि स्वतःच्या तोंडानं काही सांगू लागला, तर हसू नका हो. निदान घरी फोन तरी करा.