घमेल्यातली पिल्लं

दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात जुन्नरात रोज सहा-सात तास वीज जायची, आणि त्याच उन्हाळ्यात साखरेच्या आजाराने पोपटरावांची नजर पार गेली. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत काचेची मोठी टाकी मांडली होती. तिच्यात सिक्लिड मासे. एक पिवळी जात, एक निळी. यांची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लंही तोंडातच वाढवते आणि तोवर उपाशी राहते.

त्या दुपारी वीज गेली, हवेचा पंप थांबला. त्यांच्या बायकोने, जानकाबाईंनी, तोंडं भरलेल्या दोन्ही माद्या, एक पिवळी आणि एक निळी, पाण्याने भरलेल्या एकाच घमेल्यात सोडल्या आणि तांब्याने पाणी खालीवर करत बसल्या. त्या घुसळण्याला भिऊन दोघींनी पिल्लं थुंकून टाकली, ती पुन्हा तोंडात घेतली नाहीत. साठ-बासष्ट पिल्लं, सगळी मातकट.

नारायणगावला माशांचं दुकान चालवणारे सोपान पिवळी पिल्लं न्यायला आले, ते घमेलं बघूनच हसले.

"पोपटराव, म्या गिऱ्हाइकाला शुद्ध पिवळ्याचा शब्द दिलाय. ही खिचडी काय कामाची? आन् आता तुमाला दिसत बी न्हाई. टाकी देऊन टाका मला."

"घेऊन जा," पोपटराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

इतकी वर्षं त्या टाकीच्या नावाने बोटं मोडलेल्या जानकाबाईंना ते तोंड फिरवणं सहन झालं नाही.

"भाऊ, तीन आठवडं थांबा. पिल्लं मी निवडून देते. एक जरी चुकलं तरी टाकी न्या."

"वहिनी, तांदूळ व्हय निवडायला?"

"तांदूळ न्हाई. रोप निवडलंय मी."

त्यांचं माहेर मढचं. तिथे रोपाच्या वाफ्यात भाताशेजारी हुबेहूब भातासारखं गवत उगवतं. नवखी बाई भातच उपटते. आई सांगायची, पान बघू नकोस, पानाच्या बगलेत बघ. भाताला तिथे बारीक लव असते, गवताला नसते. माशालाही अशी बगल असणारच, असं जानकाबाईंनी धरून ठेवलं.

रोज सकाळी त्या चार-चार पिल्लं काचेच्या बरणीत घेत, उजेडाला धरत, फिरवून फिरवून बघत. दोन आठवडे गेले.

"मेली एका मुशीतली!" त्या वैतागल्या.

"बरणी हालवतीस का?" पोपटरावांनी पडल्या पडल्या विचारलं.

"मग काय, उजेडात धरायला नको?"

"अगं, भ्यालं की ते रंग सोडतं. खाली ठेव. हात लावू नकोस."

त्यांनी बरणी खिडकीत ठेवली आणि समोर बसून राहिल्या. आत दूध उतू गेल्याचा वास आला, तरी उठल्या नाहीत. हळूहळू दोन पिल्लांच्या अंगावर पुसट उभे पट्टे उमटले. उरलेली दोन कोरीच राहिली.

"अवं, पट्टं आलं!"

"मग ती निळ्याची," पोपटराव उठून बसले. "बाकीची सांग."

तेव्हापासून जानकाबाई बघून सांगायच्या, ते ऐकायचे. बेचाळीस एकीकडे, एकोणीस दुसरीकडे. एक पिल्लू काही केल्या शांत होईना. ते त्यांनी वाटीत वेगळं ठेवलं.

तीन आठवडे भरले तसे सोपान आले आणि त्यांनी मुद्दाम दोन्हीकडची तीन पिल्लं जाळीने उचलून एका बरणीत टाकली.

"सांगा."

"आधी गप बसा, भाऊ."

अर्धा तास झाला. सोपानांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

"ही दोन पिवळ्याची. ते न्हाई," जानकाबाई म्हणाल्या.

सोपान वाकले. तिसऱ्याच्या अंगावर पट्टे होते.

"आयला! लई बारीक नजर, वहिनी."

बेचाळीस पिवळी पिशवीत भरून ते निघाले. टाकीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"जानका, वाटीतलं काय निघालं?" पोपटरावांनी विचारलं.

"अजून भ्यालंय. कळंल की, त्याला कुठं एसटी गाठायचीय!"