आजोबांना तीसपैकी अकरा

चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या आमच्या जिंगदेझेन शहरात वाडगा कुणीच बनवत नाही. हे पाहुण्यांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण बिचारे दोन दिवस गाडीत बसून नेमकं तेच बघायला आलेले असतात. पण खरं तेच आहे. एकजण माती मळतो. दुसरा चाकावर वाडगा उठवतो. तिसरा तो वाळल्यावर तासतो. माझी मावशी त्यावर निळ्या रेघा काढते, फक्त रेघा. आई त्या रेघांच्या आत रंग भरते, फक्त आत. एकदा मावशी आजारी होती म्हणून आईनं एक पान स्वतःच काढलं, तर मावशी दोन महिने आमच्याकडे जेवायला आली नाही. झिलई देणारा वेगळा, भट्टी लावणारा वेगळा. एवढं झाल्यावर वाडगा कुणाचा असं विचारणं म्हणजे रस्ता कुठल्या गाडीनं झिजवला असं विचारणं.

माझे आजोबा, म्हणजे वानआजोबा, तासणारे. वय एकाहत्तर, त्यातली त्रेपन्न वर्षं तासण्यात गेली. चाकावरून उतरलेला वाडगा जाड आणि बोजड असतो. तो वाळला की आजोबा तो चाकावर उपडा बसवतात आणि स्वतः घडवलेल्या सुरीनं इतका पातळ करतात की भाजल्यावर उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसतं. म्हणजे आजोबा वाडगा करत नाहीत, वाडग्यातली नको ती माती काढून टाकतात. आमच्या गणिताच्या बाईंच्या भाषेत, आजोबा म्हणजे वजाबाकी.

ते बसतात 'जुन्या भट्टीच्या अंगणात'. पाहुण्यांना कारागीर दाखवायची ती जागा आहे; पाहुणे दोरीच्या पलीकडे, कारागीर अलीकडे. प्राणिसंग्रहालयात असतं तसंच, फक्त इथे खायला घालत नाहीत. आजोबांची जागा खिडकीपाशी. ती गेली तर त्यांच्याकडे उरतो आमचा सोफा. मागच्या वर्षी गुडघ्यामुळे ते वीस दिवस घरी होते, तर त्यांनी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली. मग कात्र्यांना. मग चमच्यांना. डॉक्टर म्हणाले अजून दहा दिवस आराम करा, तेव्हा आईनंच त्यांना हाताला धरून अंगणात नेऊन बसवलं.

या वसंतात अंगणावर नव्या मॅनेजर आल्या, गोंगबाई. आधी त्या कुठल्याशा हॉटेलात होत्या आणि त्यांना सलग हसता येतं. त्यांनी पाहुणे सगळ्यात जास्त विचारतात त्या तीस प्रश्नांची यादी केली, कुठून तरी उत्तरं उतरवून घेतली आणि त्यावर प्लॅस्टिक चढवून प्रत्येकाला एकेक प्रत दिली. शनिवारी पर्यटन कचेरीतून दोन अधिकारी येणार, त्यांच्यासमोर प्रत्येक कारागिराची परीक्षा. वीसपेक्षा कमी मिळाले तर जागा दुसऱ्याला.

आईनं ती यादी माझ्यासमोर ठेवली. "तू वक्तृत्वात पहिली आलीस ना? घे. आजोबांकडून पाठ करून घे."

मी पहिली आले होते हे खरंच आहे. शाळेतल्या नऊशे मुलांसमोर, कागद न बघता. त्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाला तीस वाक्यं शिकवणं मला अगदीच किरकोळ वाटलं.

"आजोबा, प्रश्न पहिला. हा वाडगा तुम्ही बनवला का?"

"नाही."

"उत्तर 'हो' आहे. 'हो, माझ्या या दोन हातांनी.' आणि हात दाखवायचे."

"वाडगा च्यांगनं उठवलाय."

"ते पाहुण्यांना कुठे माहितीये?"

"च्यांगला माहितीये."

च्यांगआजोबा त्यांच्या शेजारच्या चाकावर बसतात. ते चाळीस वर्षं वाडगे उठवतायत आणि तेवढीच वर्षं आजोबांची टिंगल करतायत.

"बरं. प्रश्न चौथा. एक वाडगा करायला किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं."

"इथे बहात्तर तास लिहिलंय."

"मग त्या बाईला तासायला बसव. लागतील."

"नववा. मायक्रोवेव्हमध्ये चालतं का?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "चालत असेल. रोज त्यातूनच खातोय."

"अठरावा. माझं भांडं भट्टीत का तडकलं?"

"कुठलं भांडं?"

"पाहुण्याचं. त्यानं घरी केलेलं."

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"आजोबा, बघायचं नाहीये. फक्त म्हणायचंय, 'मातीत हवा राहिली असेल.'"

"आणि नसेल राहिली तर?"

जो माणूस जेवताना 'मीठ दे' एवढंही बोलत नाही त्याला अचानक इतकं बोलणं सुचत होतं, आणि सगळं चुकीच्या वेळी. मी सूर चढवला. "एकविसावा. भांडं किती वेळा भाजतात? उत्तर, दोन वेळा. आधी कच्चं भाजायचं, मग झिलई देऊन पुन्हा. म्हणा."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि तोंड धुवायला गेले. मला वाटलं, दमले.

शनिवारी मी शाळेला दांडी मारून अंगणात गेले. मी हातांच्या खुणा ठरवल्या होत्या: मूठ म्हणजे हो, कानाला हात म्हणजे नाही, आणि आकडे असतील तिथे बोटं. गोंगबाईंच्या मागे, आजोबांना दिसेन अशी उभी राहिले. कचेरीतून एक काका आणि एक बाई आल्या होत्या. काकांच्या हातात छत्री होती, बाईंच्या हातात गुणांचा तक्ता. त्यामुळे कुणाकडे बघून घाबरायचं हे सगळ्यांना लगेच कळलं.

च्यांगआजोबांनी अठ्ठावीस मिळवले. "हा वाडगा तुम्ही बनवला का?" असं विचारल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, डोळे ओले केले आणि "माझं लेकरू आहे ते," म्हणाले. यादीत हे नव्हतं. बाईंनी एक गुण जास्तच दिला असावा.

मग आजोबा. पहिल्याच प्रश्नाला मी मूठ दाखवली. त्यांनी ती नीट बघितली आणि म्हणाले, "नाही." चौथ्याला, "चार मिनिटं." गोंगबाई हसत होत्या. विसाव्या प्रश्नापर्यंत आजोबांच्या खात्यात दहा गुण होते, त्यातला एक मायक्रोवेव्हचा.

"एकविसावा," गोंगबाई म्हणाल्या. "वानआजोबा, हा सोपा आहे. भांडं किती वेळा भाजतात?"

मी दोन बोटं वर केली.

"एकदा," आजोबा म्हणाले.

"विचार करून सांगा."

"एकदाच."

शेजारचं चाक थांबलं. "एकदाच भाजतात, बाई," च्यांगआजोबा म्हणाले. "दोनदा भाजायला तो काय शिळा पाव आहे?"

तक्तावाल्या बाईंनी मान वळवली आणि त्यांना मी दिसले, दोन बोटं वर करून उभी असलेली. "तू इथलीच ना गं? तू सांग. किती वेळा?"

आता मला आठवलं. आमच्या घरात जिन्याखाली, पलंगाखाली, माझ्या अभ्यासाच्या टेबलाखाली आईचे रंगवलेले वाडगे असतात, सगळे कच्चे. 'हात लावू नकोस, कच्चं आहे' हे मी बोलायला शिकायच्या आधी ऐकलंय. कच्च्यावरच रंग, कच्च्यावरच झिलई, मग एकदा भट्टी आणि काम संपलं. इतर गावांत दोनदा भाजत असतील, भाजोत. मी पंधरा वर्षं त्या वाडग्यांमधून पाय उचलून उचलून चाललेय, आणि एका संध्याकाळी प्लॅस्टिकवर 'दोन वेळा' वाचून ते बिनचूक पाठ केलं. माझी स्मरणशक्ती खरंच चांगली आहे.

"एकदा," मी म्हटलं आणि बोटं खाली घेतली.

इथे थांबायला हवं होतं. पण वक्तृत्वात पहिलं आल्यापासून माझं तोंड एका वाक्यानंतर बंद होत नाही. "यादीतली आणखी सात उत्तरं चुकीची आहेत," मी म्हटलं, आणि सातही सांगितली, क्रमांकासकट. तक्तावाल्या बाई लिहून घेत होत्या. गोंगबाई हसतच होत्या, पण आता फक्त दातांनी.

निकाल असा लागला की यादी दुरुस्त व्हावी, मुलगी हुशार आहे, आणि एकविसावा धरून वानआजोबांना तीसपैकी अकरा. बाकीच्या नऊ प्रश्नांना आजोबा काहीच बोलले नव्हते. नियम तो नियम, असं काका म्हणाले. त्यांचं तेवढंच काम होतं बहुधा. आजोबांनी आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्याबरोबर घरी आले. मी चारचौघांत बरोबर ठरले होते आणि त्यांची जागा गेली होती. हे दोन्ही एकाच सकाळी होऊ शकतं हे शाळेत शिकवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आईनं चमचे लपवले.

आजोबांच्या जागी शेनताई आल्या, राजधानीच्या कला महाविद्यालयातून शिकलेल्या. त्यांना तीसपैकी तीस, तेही दुरुस्त यादीवर. आणि त्या अख्खा वाडगा एकट्या करतात, माती मळण्यापासून रंगापर्यंत. आमच्या गल्लीत हे हळू आवाजात सांगतात, जणू त्यांना काही आजार आहे. पाहुणे त्यांच्यावर खूश. प्रश्न पडायच्या आधी उत्तर तयार.

फक्त वाडग्यांचं काही खरं नव्हतं. च्यांगआजोबा आजोबांसाठी वाडगा उठवतात तो आजोबा जितकी माती काढणार तितकी जास्त ठेवून. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नाही. शेनताई स्वतःचा वाडगा उठवतात तोच पातळ, त्यात तासायला काही उरत नाही. पण त्या जागेवर बसून च्यांगआजोबांचे वाडगे तासावेच लागतात, आणि त्यांच्या वाडग्याला सुरी लावली की एकतर शेनताई लवकर थांबायच्या आणि वाडगा विटेसारखा जड राहायचा, नाहीतर सुरी आरपार.

च्यांगआजोबा रोज घरी जाताना आमच्या दारात थांबून बातमी द्यायचे. "आज तीन. एका भोकातून मी तिचा चेहरा बघितला. चांगला आहे चेहरा."

"मग बसा बघत," आजोबा म्हणायचे.

"तू ये की परत."

"बोलावलंय कुणी?"

"ती हसरी बोलावणार नाही रे. तिला उत्तरं मिळतायत."

आजोबा दार लावून घ्यायचे. पण च्यांगआजोबांची पावलं वाजत असेपर्यंत ते सोफ्यावर बसायचे नाहीत, दाराजवळच घुटमळायचे. हे मी दोन आठवडे बघितलं.

मग एका रविवारी दुपारी शेनताई स्वतःच आल्या, हातात फडक्यात गुंडाळलेला कच्चा वाडगा. आजोबा तांदळाच्या जाड थंड शेवया खात होते, वर तिखट. बुडाला भोक पडलेला वाडगा बघून मला राहवलं नाही. "कुंडी विकायला आलात?"

आईनं मला चिमटा काढला.

"एकोणीस आहेत," शेनताई म्हणाल्या. "तुमच्याकडे एवढी झाडं आहेत का?"

त्या मला आवडल्या, आणि याचा मला फार राग आला.

त्या आजोबांसमोर स्टुलावर बसल्या, वाडगा टेबलावर ठेवला. "वानकाका, थांबायचं कधी हे कसं कळतं?"

मी मनातल्या मनात यादी पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत म्हणून बघितली. हा प्रश्न त्यात नव्हता.

आजोबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. वाडगा उचलून तळहातावर घेतला आणि नखानं टिचक्या मारल्या, कडेला, पोटाला, भोकाच्या जवळ. "ऐक. इथे भरलेला बोलतो. इथे रिकामा. रिकामा बोलायला लागण्याच्या आधी थांबायचं."

"आधीचा आवाज कसा असतो?"

"थोडा चिडलेला."

शेनताईंनी टिचकी मारली. "हा?"

"तो नाही. खाली ये. अजून. हा."

"आणि चाक फिरत असताना?"

"तेव्हा सुरी सांगते. तुझी सुरी कुठली?"

त्यांनी पिशवीतून सुरी काढली. आजोबांनी ती उलटसुलट बघितली. "दुकानातली?"

"हो."

कुणी गेल्याची बातमी कळल्यासारखी आजोबांनी ती हळूच टेबलावर ठेवली. मग उठून स्वतःचं फडकं घेऊन आले आणि टेबलावर सोडलं. पुढे ते बोलतच राहिले. धारेबद्दल, ओलीबद्दल, पावसाळ्यात माती कशी खोटं बोलते त्याबद्दल. माझ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून एवढे शब्द ऐकले नव्हते. शेवया फुगून गोळा झाल्या.

शेवटी शेनताई म्हणाल्या, "गोंगबाईंना मी सांगितलंय. पाहुण्यांशी मी बोलेन, तासायचं तुम्ही. नाहीतर एकोणीसचे नव्वद होतील, मग त्या भोकांचं उत्तर त्यांनीच द्यावं."

"काय म्हणाली?"

"हसल्या."

"म्हणजे कबूल," आई म्हणाली.

आजोबांना एवढंच विचारायचं होतं. "खिडकीपाशी कोण?"

"तुम्ही. मी शेजारी. तसाही मला तिथला उजेड डोळ्यांत जातो."

"डोळ्यांत?" आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तू खिडकीकडे तोंड करून बसत होतीस?"

शेनताई वाडग्याच्या फडक्याची घडी घालायला लागल्या.

"अगं, उजेड खांद्यावरून यायला हवा. कड दिसणार कशी? दोन आठवडे उलटी बसलीस आणि च्यांग बोलला नाही?"

"ते माझ्याकडे बघत होते. भोकातून."

आजोबा बूट घालायला लागले. आई म्हणाली, "बाबा, उद्यापासून." आजोबा म्हणाले, "उद्यापर्यंत ही अजून दोन फोडेल." सुऱ्या गुंडाळल्या, काखेत घेतल्या आणि निघाले.

"मीही येऊ?" मी विचारलं.

"बीजगणिताचा पेपर आहे ना उद्या?" आजोबा शेनताईंच्या स्कूटरवर मागे बसत म्हणाले, आणि स्कूटर गेलीसुद्धा.

भोकाचा वाडगा टेबलावरच राहिला होता. मी तो तळहातावर घेतला, नखानं कडेला टिचकी मारली, मग पोटाला, मग खाली. वक्तृत्वात पहिली, तीसही उत्तरं तोंडपाठ. मला तिन्ही ठिकाणी फक्त टक् ऐकू आलं.

"फोडशील तो," आई म्हणाली.

"तो आधीच फुटलाय."

"मग मार टिचक्या."