लोलकाला बांधलेली चिंधी

मित्रांनो, तुमच्या शाळेची घंटा वाजली की दारं उघडतात आणि तुम्ही उड्या मारत बाहेर पडता. मी वाजले की दारं बंद होतात. मी प्रांताच्या विधानसभेतली मतविभाजनाची घंटा. अंग पितळी, वय एकशे सहा, स्वभाव तोंडाळ.

सभागृहात मत घ्यायचं ठरलं की शिपाई सलग तीन मिनिटं माझी दोरी ओढतो. सभासद असतील तिथून धावत येतात. मग दाराला कुलूप. आत असेल त्याचं मत मोजायचं, बाहेर राहिला त्याचं नाही.

मला टांगलं तेव्हा सभासद होते अवघे अठ्ठावीस. सोळा वरून नेमलेले आणि बारा जमीनदारांनी आपल्यातूनच निवडलेले. सगळे एकाच माळेचे मणी, त्यामुळे मला क्वचितच काम पडे. पुढे सगळ्यांना मताचा हक्क मिळाला आणि सभासद नव्वद झाले. मास्तर आले, विणकर आले, पहिली बाई आली. तेव्हा मी दिवसातून चारचारदा वाजे. धापा टाकत येणारी माणसं बघून मला स्वतःचा अभिमान वाटे.

शेजारच्या वाचनालयात काही ज्येष्ठ सभासद दुपारच्या डुलक्या काढत. त्यांनी तक्रार केली की माझ्यामुळे डोक्यात घण घातल्यासारखं होतं. सचिव शिपायाला म्हणाले, "अण्णा, तात्पुरतं काहीतरी बांधा हो तिला."

कचेरीतून कापड मिळेना. अण्णांनी घरून आपल्या मुलीच्या लहानपणीच्या निळ्या ब्लँकेटचा तुकडा आणला आणि माझ्या लोलकाला गुंडाळला. तात्पुरतं म्हणजे अकरा वर्षं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी अकरा वर्षं खाल्ला. बहुमत भक्कम होतं, चारदोन सभासद बाहेर राहिले तरी कुणाचं अडत नव्हतं. अण्णासुद्धा ती चिंधी विसरून गेले.

मग खाणींच्या भागातून एक परिचारिका निवडून आली. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिनं विधेयक आणलं, की प्रत्येक खाणीला बाहेर पडायचा दुसरा रस्ता हवाच. अण्णांचा जावई खाणीतच कामाला होता.

"ताई, एवढं पार पाडा," अण्णा त्या सकाळी तिला म्हणाले. "त्याची पाळी सुटेपर्यंत माझी पोर दारातून हलत नाही."

चर्चा लांबेल म्हणून सिस्टरचे पाच पाठीराखे वाचनालयात जुन्या अपघातांचे अहवाल शोधायला गेले. विरोधकांनी ते हेरलं आणि लगेच मत घ्यायची मागणी केली. अण्णांनी दोरी धरली. मित्रांनो, ते किती जोरात ओढत होते! मी जीव तोडून आपटत होते आणि आवाज मात्र उशी थोपटल्यासारखा येत होता. तीन मिनिटं झाली. अण्णांनी नियमाप्रमाणे कुलूप लावलं.

पाचही जण आले तेव्हा आत मोजणी सुरू झाली होती. त्यांनी दारावर थापा मारल्या. किल्ली अण्णांच्या मुठीत होती, पण नियम म्हणजे नियम. बाजूनं एकेचाळीस, विरोधात त्रेचाळीस. विधेयक पडलं.

पाच महिन्यांनी एका खाणीचं एकुलतं एक तोंड ढासळलं. आत एकोणीस जण होते. अण्णांचा जावईही त्यांत होता. एकही बाहेर आला नाही.

सभागृहानं दुखवट्याचा ठराव केला. त्याची प्रत घ्यायला अण्णांची मुलगी आली, तेव्हा अण्णा स्टुलावर चढून माझी चिंधी सोडत होते.

"अण्णा, हे माझं ब्लँकेट ना? इथं कशाला?"

अण्णांनी खाली उतरून तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिनं तो तुकडा घडी करून पिशवीत ठेवला आणि बापाकडे न बघता निघून गेली.

सिस्टरनं विधेयक पुन्हा मांडलं. बैल गेला नि झोपा केला, तसं या वेळी ते एकमतानं मंजूर झालं. विरोधात कुणीच नाही म्हणून मतविभाजन नाही, म्हणून मला वाजवलंच नाही.

मित्रांनो, एखादा आवाज नकोसा झाला, तर त्याचं तोंड बांधण्याआधी तो कशासाठी ओरडतोय ते विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

निवृत्तीच्या दिवशी, कुठलंही मत नसताना, अण्णांनी पूर्ण तीन मिनिटं मला वाजवलं. सभासद धावत आले. वाचनालयातलेही आले. "काय झालं? कशावर मत आहे?"

अण्णांनी दोरी सोडली.

"कशावर नाही," ते म्हणाले. "ऐकू येतं का, ते बघितलं."